स्पीकरवरची हिंदी

आबांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मधली सुट्टी होती. आबा फोनवर नमस्कार-चमत्कार करत नाहीत. एकदम मुद्द्यावर येतात आणि मुद्दा संपला की फोन ठेवून देतात.

"शनवारी ये. तुझी हिंदी घिऊन ये."

"हिंदी घेऊन म्हणजे?"

"म्हंजी म्हंजी करू नगंस. एम्ये कशात झालीयास? हिंदीतच ना? मग ये."

फोन बंद.

खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजा-पणजा मेंढरांमागं चालले, आबासुद्धा अर्धं आयुष्य चालले आणि मग वडगाव रासाईला भीमेच्या काठी थोडी जमीन धरून बसले. मी हिंदी घेऊन बीए करते म्हटल्यावर गावानं दात काढले होते. "पिक्चरमध्ये जानार व्हय गं?" असं पारावरून ओरडून विचारलं होतं एकानं. आबा तेव्हा हसले नाहीत, पण माझ्या बाजूनं बोललेही नाहीत. पुढं मी एमए केलं, बीएड केलं, दौंडला हायस्कूलात हिंदीची शिक्षिका झाले, तिथंच लग्न झालं. एवढ्या वर्षांत आबांनी माझ्या डिग्रीचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मी मनातल्या मनात ताठ झाले.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली. केडगाव, पारगाव करत भीमेचा पूल ओलांडला की आमचा शिरूर तालुका. दोन्ही अंगाला ऊस. गणपती नुकतेच उठले होते, रस्त्यात मांडवाचे बांबू अजून तसेच रोवलेले होते.

आबा ओसरीवर बसले होते, खांद्यावर टॉवेल. आईनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं न बघता आत गेली. तेव्हाच मला वास आला की काहीतरी बिनसलंय.

"धाकटी कुठंय?" मी विचारलं.

"हाय तिकडं. धुनं धुतीया." आबांनी आवाज खाली आणला. "तिला काय कळू दिऊ नगं. ती फोनवर बोलती हिंदीत. तू आयकायचं आन् मला सांगायचं, काय बोलती, कुनाशी बोलती. काय वाकडंतिकडं असलं तर सोमवारपास्नं कंपनी बंद. घरात बसंल."

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाते. फाट्यावर कंपनीची बस येते, तिच्यात बसते. आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. ती शिकायला माझ्यासारखी नव्हती, पण कामाला वाघीण. नुकतीच तिला लाईन लीडर केली होती. म्हणजे एका पट्ट्यावर कामाला उभ्या असणाऱ्या बायकांना कुठं बसवायचं, कुणाला काय द्यायचं, ते ती ठरवायची. नोकरी गेली तर ती घरात कशी राहील, याचा विचारसुद्धा माझ्यानं करवत नव्हता.

आता आमच्या घरातला फोनचा नियम सांगायला पाहिजे, नाहीतर आबांच्या पोटात नेमकं काय दुखत होतं ते कळायचं नाही. आमच्याकडं फोन ओसरीवर घ्यायचा आणि स्पीकरवर टाकायचा. मामाचा असो, सोसायटीचा असो, दवाखान्याचा असो. पलीकडचा जे बोलेल ते घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं, मध्ये मध्ये बोलायचं, आईनं चुलीपुढून ओरडून उत्तर द्यायचं. शेजारचा ओसरीवर चहाला बसलेला असला तरी तोही ऐकणार. हा नियम कुणी केला नाही, पण आहे. लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याचा फोन मी खोलीत नेला तर आईनं विचारलं होतं, "भांडन झालंय का तुमचं?"

आणि धाकटी गेल्या महिन्यापासून फोन वाजला की उठून गोठ्याकडं जात होती.

"ती जाती ती जाती," आबा म्हणाले, "आन् जी भाषा बोलती ती हिंदी बी न्हाई. मला हिंदी कळती. ही काय तरी येगळीच हाय."

आबांना हिंदी कळते हे खरं आहे. मेंढरांच्या बाजारात व्यापाऱ्यांशी बोलून त्यांनी ती कमावली आहे. "कितनेकू देता? उतनेमें परवडता नई" अशी ती हिंदी आहे आणि तिच्यावर आबांचा संसार उभा राहिला. मी पहिल्या वर्षाला असताना त्यांची हिंदी सुधारायला गेले होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या हिंदीत मेंढरू जास्त भावानं जातंय का?" मी व्याकरणाचं पुस्तक मिटलं.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. "का स्वतःच ऐकलंत?"

आबांनी गावातल्या एका माणसाचं नाव घेतलं. तो लेबर कॉन्ट्रॅक्टर. बागायतदार घरातला, सोसायटीवर संचालक, गावात पांढरी गाडी आधी त्याची आली. धाकटीच्या कंपनीत बाया-माणसं हाच पुरवतो, तिलाही त्यानंच चिकटवली. तो येऊन आबांना म्हणाला होता, "आबा, पोरगी भय्या लोकांच्या भाषेत बोलायला लागलीय. लाईनवर कायतरी शिजतंय, मला विचारलं तर सांगत न्हाई. जरा बघा. उद्या कायतरी झालं तर मला बोल नको."

माझ्या डोक्यात पाल तिथंच चुकचुकली. एवढी काळजी या माणसाला आजवर कुणाची वाटली होती?

*

मी हिंदी शिकवते असं सांगितलं की हल्ली लोक माझ्याकडं जरा निरखून बघतात. पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर एवढी भांडणं झाली की मीच ती मुंबईहून पिशवीत घालून दौंडला आणली असं काहींना वाटतं. मी त्यांना सांगते, बाबांनो, मराठीच्या आड येणारी हिंदी मलाही नको. पण तुम्ही जिला एक समजता ती एक नाहीच.

तिचं नावसुद्धा तिचं स्वतःचं नाही. सिंधू नदीच्या पलीकडचे फारसी बोलणारे लोक 'स'चा 'ह' करायचे. सिंधूचं हिंदू झालं, नदीअलीकडच्या मुलखाचं हिंद झालं आणि इथलं जे काही बोललं जाई ते हिंदी. परक्यानं लांबून बोट दाखवून ठेवलेलं नाव. आज पुस्तकात आहे ती हिंदी दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीवर बेतलेली. ब्रज, अवधी, बुंदेली तिच्या बाजूला बसलेल्या. तिकडं राजस्थानी, वर डोंगरातल्या पहाडी, पूर्वेला बिहारी म्हणून एक कप्पा. त्यात भोजपुरी, मगही, मैथिली. त्यातल्या कित्येक जणी म्हणतात, आम्ही तिच्या पोटातल्या नाही, आम्ही वेगळ्या. मला ते पटतं. कविता आधी ब्रज-अवधीत झाली आणि मान मात्र खडी बोलीला मिळाला. हे सगळं मी परीक्षेत लिहून पहिला वर्ग मिळवला.

आणि आपल्याकडं तर ती कधीची आलेली. दिल्लीच्या फौजांबरोबर दख्खनेत उतरली आणि इथलीच झाली. शिरूरच्या बाजारात एक बागवान मावशी केळी विकते. तिला म्हटलं, "मावशी, ही नको," तर म्हणते, "नको तो नको, ये देखो, कायकू नाराज होते?" तिच्या हिंदीत आपला 'नको' पिढ्यान्‌पिढ्या नांदतोय. दौंडला स्टेशनावर वेगळी तऱ्हा. जंक्शन असल्यामुळं रेल्वे क्वार्टरमध्ये तेलुगू, कानडी, उत्तरेकडचे सगळे एका नळावर भांडतात, आणि भांडण्यासाठी सगळ्यांनी मिळून एक हिंदी केलीय, जिला व्याकरण नाही पण धार आहे. शिक्रापूरच्या चौकात ट्रकवाल्यांची आणखी निराळी. एमआयडीसीशेजारच्या कारेगावात तर आपलाच मराठी दुकानदार आपल्याच माणसाला "बोलो भैया" म्हणतो, आणि आपला माणूसही हिंदीतच भाव विचारतो. दोघंही एकमेकांना मराठी आहेत हे ओळखून असतात, पण आधी कबूल कोण करणार?

एवढं माहीत असूनही त्या दिवशी मी आबांच्या ओसरीवर बसून विचार करत होते तो एवढाच: धाकटी कुणाच्या नादी लागली नसेल ना?

कारण संशय मला रक्तातूनच आलाय. आबा सांगतात, दिवाळीनंतर कोकणाकडं मेंढरं घेऊन उतरायचं, माळावर वाघूर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळीचं कुंपण. अशा मुक्कामाला वाऱ्यावर अनोळखी बोली ऐकू आली की आधी कुत्री उठायची आणि मग माणसं. "शबुद कळायची गरज न्हाई," आबा म्हणतात, "लपून बोलनारा आवाज येगळा असतो."

गंमत अशी, की लपून बोलण्यात आबांचा हात धरणारा कुणी नव्हता. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. मुलगा नव्हता म्हणून मीच. सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती माणसांचं कडं असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय आमच्या घरातली एक खूण होती, ती बाजारात बाकी कुणाला ठाऊक नव्हती. गाभण मेंढीचं तोंडानं सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं आमच्यात मानतात. पण एखाद्या खाटकाचा डोळा गाभणीवर पडला, तर तिला मागं ओढायला आपल्या माणसाला कळवायला तर पाहिजे. मग आबा अंगठा मुठीत दुमडून घ्यायचे आणि ती मूठ माझ्या तळहातात दाबायचे. मुठीच्या आत अंगठा, पोटात कोकरू. मी काही न बोलता दोरी धरून मेंढी मागं न्यायची.

*

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी धाकटीचा फोन वाजला. ती उठली, माझ्याकडं बघून हसली आणि गोठ्याकडं गेली. आबांनी मला डोळ्यांनी हाकललं.

गोठ्यात आता पाच-सात मेंढ्या आणि एक म्हैस. मी कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. धाकटीची पाठ माझ्याकडं होती.

"खाना हो गइल?" ती म्हणाली. जेवण झालं का?

मी चमकले. आमची धाकटी! जिला शाळेत 'मैं जाती हूँ' लिहायला मी ढिगानं चिमटे काढले होते, ती घडाघडा भोजपुरी बोलत होती. माझ्या पुस्तकातला कप्पा गोठ्यात उभा राहून बोलत होता.

"ना, ना, रोवऽ मत. काल्ह हम आइब." मग आवाज एकदम खाली गेला. "केहू से मत कहिहऽ. केहू से ना."

रडू नकोस. उद्या मी येईन. कुणाला सांगू नकोस, कुणालाच नाही.

मला कळलं. 'आइब'मधला तो शेवटचा, भविष्यकाळाचा 'ब' मी अवधीच्या पेपरात घोकला होता. पण कळून उपयोग काय? रडतंय कोण? आणि उद्या रविवार, कंपनीला सुट्टी. ही जाणार कुठं?

फोन संपल्यावर मी पुढं झाले.

"कोण होतं?"

ती दचकली नाही. "आबांनी बोलवलंय ना तुला, आक्का? मला वाटलंच. शनवारी तू कशाला येशील?"

"कोण होतं ते सांग."

"कंपनीतली मैत्रीण."

"मैत्रिणीशी गोठ्यात बोलतात?"

"आपल्या ओसरीवर बोलले तर अख्ख्या गावाशी बोलल्यासारखं हाय."

"मैत्रीण का मित्र?"

तेव्हा मात्र ती भडकली. "तू बी त्यातलीच. एवढी शिकली, आन् डोकं तेच. उद्या चल माझ्याबरोबर. बघ तुझ्या डोळ्यांनी. मग सांग आबांना काय सांगायचंय ते."

आबांना मी रात्री जेवताना एवढंच सांगितलं, की अजून नीट कळलं नाही, उद्या सांगते. आबा ताटात बघत म्हणाले, "एवढी एम्ये, आन् कळलं न्हाई?"

*

रविवारी सकाळी आम्ही दोघी स्कूटीवर कारेगावला गेलो. शिरूरला कापड बघायला जातो असं आईला सांगितलं. वाटभर ती फक्त वळणं सांगत होती. माझं डोकं मात्र चालू होतं. मैत्रीण म्हणते, पण खोलीत दुसरंच कुणी असलं तर? ही मला मुद्दाम चुकीच्या घरी नेत असली तर?

कारेगावात मुख्य रस्ता सोडला की पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीच ओळी. दारापुढं कंपनीचे बूट उन्हात घातलेले, तारांवर निळे शर्ट. प्रत्येक दारातून वेगळी बोली. एका दारात दोघं जण बुंदेलीसारखं काही बोलत होते. आम्ही दिसताच साफ हिंदीवर आले, आणि आम्ही पुढं गेल्यावर परत आपल्या बोलीवर. आमच्यावरही संशय होताच म्हणायचा.

धाकटीनं एका दारावर टकटक केली. दार फटीएवढं उघडलं, तिला बघून पूर्ण उघडलं. आत एक बाई. धाकटीपेक्षा थोडी मोठी असेल. मला बघून तिनं पदर पुढं घेतला, तो डोक्यावरून नव्हे तर पोटावरून.

आणि मला सगळं कळलं. कंपनीच्या ढगळ ॲप्रनमध्ये झाकत असेल, पण घरच्या साडीत लपत नव्हतं.

"आईं दीदी, बइठीं," ती म्हणाली. या, बसा, म्हणत तिनं चटई पुढं सरकवली.

नवरा शिक्रापूरला गोडाऊनवर हमाली करतो, त्या दिवशीही कामावर होता. ही बिहारातल्या छपरा गावाकडची. घरात तिच्याशी बोलायला कुणी बाईमाणूस नाही. सुरुवातीला लाईनवर ती धाकटीच्या शेजारी उभी असायची आणि दिवसभर आपल्या बोलीत गुणगुणायची, धाकटी ऐकायची. तशी ती शिकली. वही नाही, पुस्तक नाही.

"त्याला कळलं की संपलं," धाकटी म्हणाली. तो म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. "पोटुशी बाई लाईनवर दिसली की दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चालत न्हाई. कोण काढलं म्हनत न्हाई, कुठं लिहीत न्हाई. नुस्तं कार्ड चालत न्हाई. ह्यांना दिवाळीनंतरच्या छठपूजेपर्यंत दिवस काढायचेत. मग गाडी धरून गावी जातील, बाळंतपण आईकडं."

"आणि एवढे दिवस ही उभ्यानं काम करणार?"

"म्हनून तर! मी लीडर झाल्यापासून हिला लेबल लावायला बसवलंय. खुर्चीवर. मी सोमवारी गेले न्हाई तर पहिल्यांदा खुर्ची जाईल, मग तिचं काम. आता सांग जाऊन आबांना."

ती बाई आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दलच चाललंय हे कळत होतं. अगदी आबांसारखं कान टवकारून ती बसली होती. मी तिला हिंदीत म्हटलं, "घबराइए मत." पुस्तकातली हिंदी त्या पत्र्याच्या खोलीत फार इस्त्रीची वाटली. तिनं मान हलवली. विश्वास बसला असं मला दिसलं नाही, आणि का बसावा?

निघताना मी विचारलं, गाडी कुठून? ती म्हणाली, दौंड से. मी म्हटलं, मग माझं घर स्टेशनाजवळच आहे.

परतताना प्रश्न एकच होता. आबांना खरं सांगितलं नाही तर धाकटीची नोकरी जाणार. खरं सांगावं तर आमच्या घरात काही सांगणं म्हणजे गावात सांगणं. आबा वाईट नाहीत. पण त्यांच्या ओसरीला दार नाही.

*

आणि नको तेच झालं. घरापुढं पांढरी गाडी उभी होती.

कॉन्ट्रॅक्टर ओसरीवर आबांच्या शेजारी बसून चहा पीत होता. "या मॅडम," तो मला म्हणाला, जणू घर त्याचंच. "झाली का कापडखरेदी? पिशवी दिसंना."

"पसंत पडलं नाही," मी म्हटलं.

"कारेगावात कुठं चांगलं कापड मिळतंय?" तो हसला. म्हणजे आम्ही कुठं गेलो तेही याच्यापर्यंत पोचलं होतं. धाकटी जागच्या जागी पांढरी पडली.

"बरं झालं, आलात," तो आबांकडं वळला. "आबा, इचारा की आता. घरचाच मानूस हाय मी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "काय गं, काय निघालं? कुनाशी बोलती ती?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आई दारात येऊन उभी. मी आबांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल घसरून मांडीवर आला होता. का सुचलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मैत्रीण आहे आबा, कंपनीतली. माहेरची आठवण येते म्हणून रडते," आणि म्हणता म्हणता टॉवेल नीट करते आहे असं दाखवून त्याखाली हात घातला. अंगठा मुठीत दुमडला. मूठ त्यांच्या तळहातात दाबली.

आबांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांची बोटं माझ्या मुठीवर मिटली, घट्ट. कॉन्ट्रॅक्टरच्या हातातला कप त्यांनी निवांत बघितला, मग त्याचं तोंड बघितलं. बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाला जोखताना बघायचे, तसं.

दुसऱ्याच क्षणी माझी चूक माझ्या ध्यानात आली. खूण गाभणीची, पण कोण, ते मी कुठं सांगितलं होतं? आबांनी धाकटीकडं बघितलं. मी मान हलवली, एवढीशी. नाही. मग बोटानं त्यांच्या तळहातावर बाहेरच्या दिशेला रेघ ओढली: दुसऱ्याच्या कळपातली. आबांनी श्वास सोडला.

"माहेरची आठवन," आबा म्हणाले. "व्हय, येत असंल. लांबचं मानूस."

"आबा, एवढंच असतं तर लपून कशाला बोलली असती?" कॉन्ट्रॅक्टर काही सोडायला तयार नव्हता.

नेमका तेव्हा धाकटीचा फोन वाजला.

कुणी हललं नाही. फोन तिच्या हातात वाजत राहिला. कॉन्ट्रॅक्टरनं कप खाली ठेवला आणि मांडी नीट केली. आता उठून गोठ्याकडं गेली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. हे आबांनाही कळलं.

"घे की," आबा म्हणाले. "हितंच घे. स्पीकरवर."

धाकटीनं बटण दाबलं. तिनं तोंड उघडायच्या आत पलीकडून ती बाई बोलायला लागली, हसत, भरभर, दम खात: "ए बहिनी! तू लोग गइलू, आ ई खूब लात मरलस! पहिला बेर!"

तुम्ही गेलात आणि यानं खूप लाथा मारल्या. पहिल्यांदा.

धाकटीनं खालचा ओठ चावला. "दीदी, स्पीकर पर हो. आबा बैठे हैं, मेहमान हैं," ती साफ हिंदीत म्हणाली. पलीकडं एकदम चिडीचूप. मग फोन कट.

"लात?" कॉन्ट्रॅक्टर पुढं झुकला. "लात म्हनली ती. कोन कुनाला लाथ मारतंय? मॅडम, तुमचं हिंदी झालंय. काय म्हनली?"

तर असा माझ्या एमएचा उपयोग झाला. एवढी वर्षं मुलांना सांगत आले, भाषांतर करताना मूळ अर्थाला धक्का लावायचा नाही. मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं, "म्हैस. त्यांच्या गावाकडची. धार काढताना लाथ मारली तिनं. पहिल्यांदाच."

"म्हशीसाठी एवढा फोन?"

"बाईमाणसं बोलतात," मी म्हटलं. "तुमच्या घरी नाही बोलत?"

तो आबांकडं बघत राहिला. आबांनी डोळे मिटले होते. फोनमधला आवाज संपला होता तरी ते अजून ऐकत असल्यासारखे बसले होते, पूर्वी माळावर बसत तसे.

"दम लागत हुता तिला," ते म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टर परत पुढं झुकला.

"हसून हसून लागतोच," आबा पुढं म्हणाले आणि डोळे उघडले. "मारू दे लाथ. चांगलं लक्षन हाय ते."

मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "सोमवारी पोरगी येईल कामावर. काय न्हाई तिच्या हिंदीत."

कॉन्ट्रॅक्टर उठला. चपला घालताना त्यानं आमच्या तिघांकडं एकदा बघितलं, एकेकाकडं, थांबून थांबून. त्याचा विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. गाडी सुरू झाली तरी काच खाली होती आणि तो आरशातून ओसरीकडं बघत होता.

गाडी वळणाआड गेल्यावर आबा धाकटीला म्हणाले, "फोन गोठ्यात घ्यायचा न्हाई."

ती काही बोलायला गेली.

"गोठ्यात गेलीस म्हनून त्याला वास आला. हितंच घ्यायचा. त्याच्या देखत घ्यायचा." मग माझ्याकडं वळून, "आन् तू दर रविवारी येत जा. काय म्हनती ते सांगायला कोन तरी लागंल."

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती आतून ओरडली, "त्या बाईला इचारा, डिंक पायजे का म्हनावं!"

"हळू बोल," आबा म्हणाले.

आमच्या ओसरीवर हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.